तीन गावांच्या वह्या

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी एकतीस वर्षे गेली. त्या नोकरीने लावलेली एक खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कोणत्याही संस्थेत पाऊल टाकले की मी अध्यक्षांच्या दालनाऐवजी आधी लिपिकाच्या टेबलाकडे वळते. अध्यक्ष भाषण उत्तम करतात, पण खरोखर काय घडले ते कीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, पानांवर असते. गेल्या श्रावणात कृषी पदवीधर भाच्याला गाडी चालवायला घेऊन मी पाच दिवस जी तीन गावे पाहिली, ती याच खोडीने पाहिली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार, अकोले तालुक्यातील कोंभाळणे आणि धुळे जिल्ह्यातील बारीपाडा ही ती गावे होत. लहरी पावसाला गावाने स्वतः काय उत्तर शोधले, याची चर्चा निघाली की या तिन्ही गावांची नावे हमखास येतात. तिन्ही गावांच्या वाट्याला पद्मश्री आलेली आहे: २०२० च्या यादीत हिवरे बाजारचे पोपटराव पवार आणि कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे, २०२५ मध्ये बारीपाड्याचे चैत्राम पवार. या तिघांविषयी पुष्कळ लिहून झाले असल्यामुळे त्यांची वेळ मागण्याच्या भानगडीत मी पडले नाही. मला त्या गावांचे हिशेब पाहायचे होते.

पहिला दिवस : पुणे ते हिवरे बाजार

पहाटे निघून शिरूर, सुपे करत आम्ही नगरला पोहोचलो आणि तिथून जखणगावच्या बाजूने हिवरे बाजारात शिरलो. गाव जवळ आले तसे मी कौतुकाने हिरव्या डोंगरांकडे बोट दाखवले, तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, श्रावणात कोणतंही गाव हिरवंच दिसतं. परीक्षा मे महिन्यात असते." त्याचे म्हणणे रास्त होते. तरीही एक फरक श्रावणातही लपत नव्हता. वाटेतल्या डोंगरांवर शेळ्यांनी खुडलेले बोटभर गवत होते, तर इथल्या उतारांवर ते गुडघ्याच्या वर पोहोचले होते आणि त्यात एकही जनावर दिसत नव्हते. हे गवत पावसाळा सरल्यावर कापून घरी न्यायचे असते. जनावर डोंगरावर सोडायचे नाही, हा इथला पहिला नियम.

या गावात वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव जे खचले, ते पुढची सतरा वर्षे सावरले नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर डोंगरउतारावर सलग समतल चर, नाल्यांवर बांध आणि वनखात्याच्या जमिनीवर झाडे, असे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले आणि १९९४ च्या आदर्श गाव योजनेने त्याला बळ दिले. १९९५ मध्ये १८० कुटुंबांपैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांनी ती तीन उरली. दिवसाला दीडशे लिटर दूध घालणारे गाव त्याच काळात चार हजार लिटरांवर गेले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री महाराष्ट्रात अनेकांना पाठ आहे.

मला मात्र ओढ होती ती पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, हाती किती पाणी आले ते काढायचे. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला कोणती पिके किती घ्यायची, हे ग्रामसभेत ठरवायचे, अशी ती रीत आहे. सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे दोन निर्णय त्याच हिशेबातून निघालेले आहेत. चारशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर चाळीस लाख लिटर पाणी. ऐकायला आकडा मोठा आहे, पण त्यातले पुष्कळ उन्हाने उडते, काही वाहून जाते आणि जमिनीत मुरते ते थोडेच. उसाला हंगामभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे ऊस लावणारा माणूस आपल्या शेतावर पडलेल्या पावसाच्या पाचपट रक्कम उचलतो, आणि ती उचल शेजाऱ्याच्या खात्यातून असते. पतसंस्थेत असा व्यवहार दिसला असता तर मी शेऱ्यांची दोन पाने भरली असती.

देवळाच्या ओट्यावर साठी उलटलेले एक शेतकरी भेटले. बाजरी निसवत होती, मुगाच्या शेंगा तोडून झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना घटकाभर सवड होती. सुरुवातीला नियम कोणालाच नको होते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. "शेळ्या इकल्या तव्हा घरची दोन दिस बोलली नाही माझ्याशी. तिच्या हातातला पैसा व्हता ना त्यो, ताई." या वाक्याने मी थबकले. चराईबंदीच्या कौतुकात हा खर्च सहसा कोणी लिहीत नाही. शेळी हे गरीब घरातल्या बाईचे बचत खाते असते, आणि डोंगर वाचवताना पहिले बंद झाले ते तेच खाते. पुढे गवत वाढले, गाई आल्या, दूध सुरू झाले आणि नुकसान भरून निघाले. पण मधली दोन-तीन वर्षे ज्यांनी काढली, त्यांची नोंद कुठेतरी असायला हवी होती.

शेजारच्या शिवारात बोअर पडली तर तुमच्या पाण्याचे काय, असे भाच्याने विचारले. "आम्ही काय करणार? त्यांच्या ग्रामसभंत आमचं मत नाही," असे म्हणून ते उठले, कारण धारेची वेळ झाली होती. हा या कामातला खरा कच्चा दुवा आहे, असे माझे मत झाले. ताळेबंद गावाचा असतो, पण भूजल गावाच्या हद्दीपाशी थांबत नाही.

दुसरा दिवस : हिवरे बाजार ते अकोले

टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, संगमनेर या वाटेने अकोल्याला पोहोचेपर्यंत दुपार टळली. संगमनेरात प्रवरा भेटली. याच नदीच्या खालच्या अंगाला, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचा पाया १९५० च्या सुमारास घातला गेला. माझी अर्धी नोकरी त्या सहकाराच्या वह्या तपासण्यात गेली असल्यामुळे त्याविषयी मला माया आहे. पण प्रवरेचे पाणी १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात अडते ते अकोल्याच्या डोंगरात, आणि पिकवते खालचा ऊस. ज्यांच्या डोक्यावर तो पाऊस कोसळतो, त्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या वाट्याला भाताची एकपिकी खाचरे आणि उन्हाळ्यातली पायपीट येते. नदी तीच आहे, फक्त जमा एका खात्यावर आणि खर्च दुसऱ्याच.

मुक्कामाच्या ठिकाणी आगाऊ पैसे भरूनही आमची खोली दुसऱ्याच पाहुण्यांना दिलेली होती. बऱ्याच हुज्जतीनंतर जिना संपतो तिथली एक अडगळीची खोली मिळाली. पावसाचा आवाज पत्र्यावर इतका होता की रात्रभर कोणी घोरले तरी कळले नसते.

तिसरा दिवस : कोंभाळणे आणि आसपासच्या वाड्या

सकाळी डोंगर दिसतच नव्हते. भाताची आवणी उरकत आली होती. इरली जाऊन आता प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या बायका खाचरात ओणव्या होत्या आणि वरच्या उतारावर नागलीची, म्हणजे नाचणीची, लावणी चालू होती.

राहीबाईंची गोष्ट थोडक्यात अशी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी घरातली आजारपणे पाहून विकतच्या बियाण्यांवर आणि औषधे फवारलेल्या भाज्यांवर संशय घेतला आणि जुनी गावरान बियाणी शोधून जपायला सुरुवात केली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने त्यांच्या कामाला शास्त्रीय जोड दिली. त्यातून बीज बँक आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

कोंभाळण्यातली बँक पाहून आम्ही एका वाडीवर गेलो. तिथल्या एका मावशींच्या घरी अशाच बियाण्यांचा छोटा साठा होता. ओसरी शेणाने सारवलेली, चुलीच्या वर धुरात मक्याची कणसे टांगलेली, आणि भिंतीशी मडक्यांची रांग. मी उत्सुकतेने दोन-तीन मडक्यांत डोकावले. ती जवळजवळ रिकामी होती. तळाशी राखेत मिसळलेली मूठ-दोन मुठी बी, बस्स. माझा चेहरा पडलेला पाहून मावशी हसल्या. "आता श्रावणात भरलेली कशी राहतील, बाई? समदं रानात हाय." मला माझीच लाज वाटली. ज्या बँकेची तिजोरी ऐन हंगामात भरलेली आहे, तिचे कर्जवाटप झालेले नाही, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आले. तळाची मूठभर बी मात्र कोणालाही द्यायची नसते. पीक पुरते बुडाले तर पुन्हा सुरुवात करायला ते राखीव असते.

कर्जाचा नियम सोपा आहे. रोहिणी-मृगाच्या तोंडावर बी न्यायचे आणि सुगीनंतर दुप्पट परत करायचे. दोन मापटी नेली तर चार. शेकडा शंभर व्याज ऐकून माझ्यातली लेखापरीक्षक दचकली. मग भाच्याने समजावले की भाताचा एक दाणा नीट वाढला तर शेकड्याने दाणे देतो, त्यातला एक जास्तीचा परत करणे म्हणजे काहीच नाही. पैसा एका वर्षात शंभरपट होत नाही, म्हणून सावकाराचे व्याज माणसाला गिळते. बियाण्याचे व्याज शेत भरते. नोंदीची वही एका शाळकरी मुलीच्या अक्षरात होती: नाव, वाडी, वाण, माप, आणि परत आल्याची खूण. तीन-चार नावांपुढे खूण नव्हती. थकबाकी? मावशी म्हणाल्या, "एकाचं पाण्यानं गेलं. एक मुंबईला गेला. एक इसरला, त्याला इचारते जत्रंत."

बियाणे निवडण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. कापणीआधीच शेतात फिरून लोंब्यांना खुणा करायच्या. बांधाकडेच्या लोंब्या घ्यायच्या नाहीत, कारण शेजारच्या वाणाशी मिसळ झालेली असण्याची शक्यता तिथे जास्त असते. मधल्या, भरदार, निरोगी झाडांच्या घ्यायच्या. मग उन्हे द्यायची. वाळले की नाही हे पाहण्यासाठी मावशींनी एका मडक्याच्या तळातून वालाचा दाणा काढला, राख पदराला पुसली आणि दाढेखाली धरला. कट्ट असा आवाज आला. दाणा दोन तुकडे होऊन पडला पाहिजे, दातांचा नुसता वळ उठला तर त्यात ओल आहे आणि त्याला कीड लागणार. मग त्यांनी दुसरा दाणा माझ्या हातावर ठेवला. माझ्या दाढेची मला खात्री नसल्यामुळे ती परीक्षा भाच्याने दिली.

या सगळ्याचा हवामानाशी संबंध कुठे येतो, तो मला भाताच्या वाणांत दिसला. हळवे, निमगरवे आणि गरवे अशी भाताची जुनी विभागणी आहे. हळवे लवकर तयार होते, म्हणून ते उतारावरच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात लावतात. गरव्याला वेळ लागतो, म्हणून ते खोलगट, ओल टिकणाऱ्या जागेत लावतात. काळभात, आंबेमोहोर, रायभोग, जिरवेल अशी नावे मावशी घेत होत्या आणि प्रत्येक नावाबरोबर हाताने एकेका खाचराकडे बोट करत होत्या. पाऊस लवकर आटोपला तर गरवे पोचट राहते, पण हळवे तोवर घरात आलेले असते. कापणीच्या वेळी अवकाळी कोसळला तर हळवे भिजते आणि गरवे वाचते. सगळ्या खाचरांत एकच सुधारित वाण असला तर एकाच आठवड्याच्या पावसावर वर्षाचे अन्न टांगलेले राहते. ठेवी एकाच ठिकाणी ठेवू नयेत, हे आम्ही पुस्तकात शिकलो.

तरीही चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मावशींच्या स्वतःच्या निम्म्या खाचरांत सुधारित वाणच होता. गावरान भात उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, उतारा कमी देतो. घरी खायला आणि जनावरांच्या पेंढ्याला तो, विकायला दुसरा, अशी त्यांची वाटणी होती. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हते, आणि विचार केल्यावर मलाही वाटले नाही. शेतकऱ्याने स्वतःचे बियाणे राखावे, वाटावे, ब्रँडचे नाव न लावता विकावे, हा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. पण हक्क वापरायला घरात बी असावे लागते.

जेवायला नागलीची भाकरी, वालाची उसळ आणि काळभाताचा मऊ भात होता. भात शिजताना ओसरीवर बसलेल्या आम्हाला त्याचा वास आला, तेव्हा बोलणे आपोआप थांबले. निघताना मी मूठभर वाल कर्जाऊ मागितले. मावशींनी विचारले, "पेरणार कुठं?" पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, असे सांगताच त्यांनी मडक्यावर झाकण ठेवले. कर्जदाराची पात्रता न पाहता कर्ज देणाऱ्या किती संस्थांवर मी ताशेरे ओढले होते! इथे तक्रारीला जागा नव्हती.

चौथा दिवस : अकोले ते पिंपळनेर

राजूर, भंडारदरा, घोटी, नाशिक, सटाणा, ताहाराबाद असा सारा दिवस गाडीत गेला. कळसूबाई ढगात होती, नाशिकला वाहनांची कोंडी होती आणि सटाण्यापुढे पाऊस मागे राहिला. पिंपळनेरच्या चहाच्या टपरीवर एका आजोबांनी अहिराणीत "कथा चालनात?", म्हणजे कुठे चाललात, असे विचारले. बारीपाडा म्हणताच त्यांनी रस्ता सांगण्याआधी तिथल्या जंगलात काठी तोडू नका, असे बजावले. आम्ही हसलो.

पाचवा दिवस : बारीपाडा

साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या हद्दीजवळ डोंगरात हा पाडा आहे. वस्ती प्रामुख्याने कोकणा आदिवासींची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथले डोंगर उघडे पडले होते आणि बायका पाण्यासाठी लांब जात. एम.कॉम. होऊन नोकरीची वाट न धरता गावी परतलेल्या चैत्राम पवार यांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने गावाला एकत्र आणले. पोपटरावही एम.कॉम. आहेत, हा माझ्या पेशाला सुखावणारा योगायोग मी भाच्याला दोनदा ऐकवला. गावाने चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखायचे ठरवले: कुऱ्हाड नाही, मोकाट चराई नाही, राखण गावकऱ्यांनी करायची आणि मोडेल त्याला दंड. जंगल परत आले तसे झरे टिकू लागले, विहिरींना पाणी राहू लागले आणि भातशेती वाढली.

मला विशेष वाटले ते पुढच्या पायरीचे. २००४ पासून गाव वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरवते. जंगल राखा म्हणून नुसते सांगितले तर ते वनखात्याचे काम वाटते. त्याच जंगलातून ताटात काय येते हे वर्षातून एकदा सर्वांसमोर मांडले की ते स्वयंपाकघराचे काम होते, आणि स्वयंपाकघरातले नियम बायका मोडू देत नाहीत.

स्पर्धेचा दिवस नव्हता, पण गावातल्या एक काकू आणि एक वयस्कर बाबा आम्हाला रानात घेऊन गेले. करटोलीचा वेल, टाकळा, कुरडू, भारंगी, तेऱ्याची पाने, बांबूचे कोंब अशी यादी चालता चालता वाढत गेली. काकूंचे लक्ष भाजी ओळखण्यापेक्षा ती किती घ्यायची याकडे अधिक होते. फोडशी उपटायची नाही, पाने वरून खुडायची म्हणजे कंद जमिनीत राहतो. करटोलीची फळे घ्यायची, वेल ओढायचा नाही. एका जागी सगळे खुडायचे नाही. तेऱ्याची पाने कोवळीच घ्यायची आणि चिंच किंवा दुसरे काही आंबट घालून नीट शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. त्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात हे भाच्याने सांगितले, त्यावर काकू म्हणाल्या, "असतील. आम्हाला खाज माहीत." दुपारी हीच भाजी तांदळाच्या भाकरीबरोबर ताटात आली. तेल नावाला, मसाला नाही, आणि प्रत्येक भाजीची चव वेगळी लागत होती.

उतरताना वाट निसरडी होती. मी दोनदा घसरले, तेव्हा भाच्याने मागचा पुढचा विचार न करता एका झाडाची अंगठ्याएवढी ओली फांदी मोडली, पाने ओरबाडली आणि काठी माझ्या हातात दिली. पुढे चाललेले बाबा आवाजाने थांबले. त्यांनी वळून काठीकडे पाहिले, मग मोडलेल्या जागेकडे, आणि काही न बोलता पुन्हा चालू लागले. पिंपळनेरचे आजोबा मला त्या क्षणी आठवले.

गावात पोहोचल्यावर बाबा एका घरात गेले आणि बाहेर येताना त्यांच्याबरोबर एक तरुण व एक वही होती. पाहुणे आहेत, चुकून झाले, असे काकूंनी हलक्या आवाजात म्हणून पाहिले. त्यावर बाबांनी मागे एका गावकऱ्याच्या पाहुण्यालाही सोडले नव्हते, एवढेच सांगितले. भाचा कानापर्यंत लाल झाला होता. तरुणाने तारीख घातली, नाव विचारले, कारणाच्या रकान्यात 'ओली फांदी, एक' असे लिहिले आणि रक्कम सांगितली. भाच्याने पैसे दिले. एकतीस वर्षांत दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या होत्या, म्हणून सवयीने मी ही पावतीही उलटसुलट करून पाहिली: क्रमांक बरोबर, स्थळप्रत वहीत, खाडाखोड नाही. काठी बाबांनी ठेवून घेतली.